स्क्रॅच करताना हात आखडतो, त्याचं काय करायचं?

टर्नटेबलवर फिरणारी रेकॉर्ड हाताने पुढेमागे करून आवाज काढायचा, याला डीजे स्क्रॅच म्हणतात. त्यातला चर्प हा प्रकार मला काही केल्या साफ येत नव्हता, म्हणून मी एकदा फोन समोर ठेवून स्वतःचं चित्रीकरण केलं. हात बघायचे होते. दिसलं भलतंच. डावा खांदा जवळजवळ कानाला भिडलेला, जबडा आवळलेला, आणि क्रॉसफेडरवरच्या (मिक्सरवरच्या, आवाज उघड-बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावरच्या) हाताची करंगळी, जिला त्या क्षणी काडीचंही काम नव्हतं, ती हवेत ताठ उभी. वीस मिनिटं मी तशीच वाजवत होते आणि मला पत्ताही नव्हता. आज सराव मस्त चाललाय, असंच वाटत होतं.

हातातल्या ताणाची खरी गोम ही आहे. तो वाढतो तसे आपण त्याला सरावतो. ‘हात सैल सोड’ असं कुणी म्हटलं की क्षणभर सोडतो, आणि पुढच्या बीटला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हुकूम देऊन हात सैल होत नाही. त्याला आवळून धरायला कारणच उरू नये, अशी व्यवस्था लावावी लागते: यंत्राची, उभं राहण्याची, दाबाची आणि लयीची. बेबी स्क्रॅच (फेडर उघडा ठेवून रेकॉर्ड नुसती पुढेमागे), चर्प, ट्रान्सफॉर्मर (बंद फेडर मध्येमध्ये उघडून आवाजाचे तुकडे पाडणं) ही नावं तुम्हाला माहीत आहेत आणि टर्नटेबलसमोर थोडेफार दिवस काढले आहेत, असं धरून पुढचं लिहिते.

## आधी ताण नेमका कुठे आहे ते शोधा

तीन चाचण्या सांगते. तिन्ही मिळून पाच मिनिटं लागतात.

पहिली, पुतळा चाचणी. फोनवर दीड-दोन मिनिटांचा गजर लावा आणि नेहमीसारखं वाजवायला लागा. गजर झाला की आहे त्या स्थितीत थिजून जा. आता जबड्यापासून खाली या: जबडा, मान, खांदे, कोपर, मनगट, मग एकेक बोट. प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारा: हे सोडलं तर खाली पडेल का? खांदा सोडल्यावर दोन बोटं खाली आला, तर तो इतका वेळ विनाकारण उचलून धरलेला होता. हा हिशेब एका कागदावर लिहा. बहुतेकांचा ताण दोन-तीन ठरलेल्या जागीच दडून बसतो. माझा जबड्यात आणि डाव्या खांद्यात. बोटांत तो फार उशिरा येतो.

दुसरी चाचणी हात लावून बघायची. क्रॉसफेडर उघडा ठेवा आणि एकाच हाताने संथ बेबी स्क्रॅच करा. रिकाम्या हाताने वाजवणाऱ्या हाताचा कोपर ते मनगट हा भाग आतून आणि बाहेरून चाचपा. हालचालीबरोबर तो कधी कडक, कधी मऊ लागला पाहिजे. सतत दगडासारखा कडक लागत असेल, तर आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत आहेत. गाडी चालवताना ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबावा तसं. गाडी फारशी पुढे जात नाही, इंजिन मात्र तापतं.

तिसरी सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत बोलकी. वाजवताना मोठ्याने ‘एक दोन तीन चार’ म्हणत राहा. अवघड जागा आली की आवाज अडकेल, चढेल किंवा गायब होईल. तिथे तुम्ही श्वास धरलाय. श्वास धरला की छाती, खांदे आणि मान आवळली जातात, आणि मग बोटं मोकळी राहण्याची आशा सोडून द्या.

## हात आखडतो म्हणजे काय होतं

बोटांना ताकदीने मिटवणारे आणि उघडणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात आणि लांबलचक कंडरांनी बोटांना ओढतात. मिटवणाऱ्या कंडरा मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात आणि त्याच बोगद्यातून एक महत्त्वाची नसही जाते. शिवाय बोटं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात. एकाला आवळलं की शेजारच्यांनाही ओढ बसते.

हे वाचून सोडू नका, करून बघा. अंगठा, मधलं बोट, अनामिका आणि करंगळी घट्ट मिटा आणि मोकळ्या तर्जनीने टेबलावर जमेल तितक्या जलद टकटक करा. मग बाकीची बोटं ढिली सोडून तेच करा. फरक ऐकू येईल. फेडरवर करंगळी ताठ ठेवून ट्रान्सफॉर्मर करणारा माणूस दर क्षणी हाच तोटा सोसत असतो.

नवी हालचाल शिकताना शरीर सांधे कडक करतंच, यात तुमचा दोष काही नाही. लहान मूल पहिल्यांदा पेन्सिल धरतं तेव्हा कागद फाटेपर्यंत दाबतं, तसंच. पुढे हालचाल अंगवळणी पडते तसा हा कडकपणा कमी व्हायला हवा. पण आपण ती अंगवळणी पडण्याआधीच वेग वाढवतो, आणि मग कडकपणासकट ती अंगवळणी पडते. ‘आधी स्क्रॅच येऊ दे, सैलपणाचं नंतर बघू’ हे म्हणूनच मला पटत नाही. नंतर बघायला गेलं की तोच स्क्रॅच पहिल्यापासून शिकावा लागतो. मी तीन स्क्रॅच असे पुन्हा शिकले आहेत आणि तो अनुभव काही सुखाचा नाही.

## यंत्र नीट लावा

निम्म्याहून अधिक ताणाचं मूळ मला यंत्रात सापडलंय. सुई उडते, मग आपण रेकॉर्ड दाबून धरतो. रेकॉर्ड जड सरकते, मग जोर लावतो. फेडर अडकतो, मग चिमटीत पकडतो. हाताने तडजोड केलेली असते, आणि पुढे यंत्र सुधारलं तरी ती तडजोड हातात राहते.

सुईपासून सुरुवात करा. तिच्या दाबाची मर्यादा उत्पादकाने दिलेली असते. स्क्रॅचवाल्यांत वर्षानुवर्षं लोकप्रिय असलेल्या शुअर एम४४-७ ची, उदाहरणार्थ, १.५ ते ३ ग्रॅम होती. स्क्रॅचसाठी साधारणपणे दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे जावं लागतं, पण ती ओलांडून टोनआर्मवर (सुईच्या दांडीवर) नाणं चिकटवणं हा रेकॉर्डची खाच लवकर झिजवण्याचा मार्ग आहे. दाब नीट असूनही सुई उडत असेल तर रेकॉर्डचं मधलं भोक बघा. ते झिजून मोठं झालं असेल तर रेकॉर्ड हलवताना डुगडुगते. भोकाच्या कडेला चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की काम होतं.

मग स्लिपमॅट, म्हणजे रेकॉर्डखालची घसरती चकती. मोटर बंद ठेवा आणि एका बोटाच्या वजनाने रेकॉर्ड पुढेमागे ढकला. प्लॅटर (टर्नटेबलची फिरती तबकडी) सोबत यायला लागला तर स्लिपमॅट चिकटते आहे. तिच्याखाली गुळगुळीत मेणकागद किंवा पातळ प्लास्टिकची गोल चकती घाला. फरक एवढा मोठा असतो की पहिल्यांदा घातल्यावर रेकॉर्ड हातातून निसटते. दोन दिवसांत हात जुळवून घेतो.

क्रॉसफेडर फुंकरीने हलेल इतका नाही, पण एका बोटाच्या टिचकीने पूर्ण सरकेल इतका सैल हवा. काही मिक्सरवर ही घट्टता कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. कर्व्ह सर्वांत तीव्र ठेवा, म्हणजे कडेपासून अगदी थोडं सरकताच पूर्ण आवाज येईल. कर्व्ह सौम्य असला की प्रत्येक कटसाठी फेडर लांबवर न्यावा लागतो. फेडर खरखरत असेल तर त्याच्या उत्पादकाने सांगितलेलंच वंगण वापरा. घरात सापडेल ते तेल घालू नका.

उंची अशी मोजा: टर्नटेबलसमोर उभं राहा, हात खांद्यापासून लोंबकळू द्या, मग फक्त कोपर वाकवा. प्लॅटरचा पृष्ठभाग कोपराच्या पातळीला किंवा तिच्या किंचित खाली आला पाहिजे. टेबल उंच असेल तर खांदे उचलावेच लागतात. तिथे सैल राहण्याचा कितीही निश्चय केला तरी उपयोग नाही. कमी उंचीच्या टेबलाखाली ठोकळे घालता येतात. उंच टेबलासमोर पायाखाली घट्ट, न हलणारी फळी चालते. टर्नटेबल आडवं फिरवून टोनआर्म आपल्यापासून लांबच्या बाजूला ठेवण्याची जी पद्धत आहे, ती फक्त स्पर्धेतल्या रुबाबासाठी नाही. तशी मांडणी असली की हात टोनआर्मला लागेल ही भीती जाते, आणि एक भीती गेली की तेवढा ताण जातो.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात: दोन्ही पायांवर सारखं वजन, गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ नकोत, पोटाने टेबलाला टेकू नका. मान खाली घालून रेकॉर्डवरच्या खुणेच्या स्टिकरकडे टक लावू नका. खूण कुठे आहे हे एकदा बघितलं की डोळे वर.

## रेकॉर्डवरचा हात: किती दाब पुरतो?

आता थोडं गणित करू, कारण या एका गणिताने माझा हात जितका सुधारला तितका कुठल्याही व्यायामाने नाही. टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके२ हे टर्नटेबल १९७९ मध्ये आलं आणि पुढची अनेक दशकं डीजेंचं हक्काचं वाद्य ठरलं. त्याच्या मोटरचा सुरुवातीचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १.५ किलोग्रॅम-सेंटिमीटर. म्हणजे तुमची बोटं मध्यबिंदूपासून १० सेंटिमीटरवर असतील, तर मोटर तुमच्याविरुद्ध जास्तीत जास्त १५० ग्रॅम वजनाइतका जोर लावू शकते. तोही तुम्ही आख्खा प्लॅटर अडवलात तर. स्लिपमॅटमुळे प्लॅटर खाली फिरत राहतो, फक्त रेकॉर्ड थांबते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कितीतरी कमी जोर पुरतो. हात लेबलकडे सरकवून ५ सेंटिमीटरवर आणला तर तेच थांबवायला दुप्पट जोर लागतो. म्हणून बोटं बाहेरच्या भागात ठेवा. काही नव्या टर्नटेबलांचा टॉर्क यापेक्षा बराच जास्त असतो आणि काहींवर तो बदलता येतो. शिकताना तो कमी ठेवा.

याच्या पुढची गोष्ट जास्त गमतीची आहे. रेकॉर्ड वरून दाबली की ती स्लिपमॅटवर आणि स्लिपमॅट प्लॅटरवर जास्त घट्ट बसते. घर्षण वाढतं. घर्षण वाढलं की मोटर रेकॉर्डला जास्त ओढते, मग तुम्हाला आणखी जोर लागतो, म्हणून तुम्ही आणखी दाबता. आपल्याच दाबाशी आपण कुस्ती खेळत असतो.

यावर माझा रोजचा पहिला व्यायाम असा. मोटर चालू, सुई रेकॉर्डवर, फेडर उघडा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांच्या मांसल भागाने रेकॉर्ड थांबवून धरा. तळहात वर, नखं नकोत, बोटं किंचित वाकलेली. आता दाब हळूहळू कमी करत जा. एका क्षणी रेकॉर्ड बोटांखालून निसटेल. पुन्हा धरा, पुन्हा कमी करा. पाच-सहा वेळा केलं की निसटण्याची ती रेषा बोटांना कळते. त्या रेषेच्या केसभर वर जो दाब आहे, तो तुमचा दाब. आता तेवढ्यावरच संथ बेबी स्क्रॅच करा. सुरुवातीला रेकॉर्ड मधूनमधून सुटेल. सुटू द्या. सराव करताना ती कधीच सुटत नसेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबताय, इतकं सरळ आहे.

हालचाल कोपरातून सुरू करा. मनगट तिला साथ देईल. फक्त मनगटाने रेकॉर्ड ढकलत राहिलं की ते टोकापर्यंत वाकतं, आणि वाकलेल्या मनगटातून कंडरा ओढणं हे दुखण्याला आमंत्रण आहे. पुढे जाताना मोटर तुमच्याच बाजूने आहे हेही लक्षात ठेवा. ३३⅓ च्या गतीला रेकॉर्ड १.८ सेकंदांत एक फेरी घेते. मध्यापासून १० सेंटिमीटरवर ती सेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटर सरकत असते. आवाज नेहमीच्या सुरात हवा असेल तेव्हा पुढची हालचाल करायचीच नसते. बोटं सोडायची आणि रेकॉर्डला जाऊ द्यायचं. मागे ओढणं हे काम आणि पुढे जाणं ही विश्रांती. दर आवर्तनात अशी विश्रांती घेणारा हात दिवसभर वाजवू शकतो.

स्क्रॅचच्या जन्माची जी गोष्ट सांगतात ती मला यासाठी आवडते. १९७० च्या दशकाच्या मध्यात, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, पोरसवदा ग्रँड विझर्ड थिओडोर खोलीत मोठ्याने रेकॉर्ड लावून बसला होता. आई आवाज कमी कर म्हणून ओरडायला दारात आली. ती बोलत असताना त्याने रेकॉर्ड हाताने थोपवली, आणि हात नकळत पुढेमागे होत राहिला. तो आवाज त्याला आवडला. म्हणजे पहिला स्क्रॅच ज्या हाताने झाला, त्या हाताकडे त्याच्या मालकाचं लक्षही नव्हतं.

## फेडरवरचा हात

इथला मुख्य गुन्हेगार चिमटी. अंगठा आणि तर्जनी यांत फेडरचा दांडा घट्ट पकडला की दोन्ही बोटं सतत एकमेकांना दाबत राहतात. त्या जागी अंगठ्याला स्प्रिंग समजा. तो फेडरला बंद बाजूकडे अलगद रेलून धरतो. बाकीचं बोट टिचकी मारून फेडर उघडतं, आणि टिचकी संपली की अंगठा त्याला आपोआप परत आणतो. बोटाचं काम फक्त उघडण्याचं. बंद करण्यासाठी त्याने काहीही करायचं नाही. हे ‘काहीही न करणं’ शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

तळहाताची बाहेरची कड किंवा करंगळीचं टोक मिक्सरच्या पृष्ठभागावर हलकेच टेकवा. अधांतरी हाताला स्वतःचं वजन पेलत बसावं लागतं. टेकवा म्हणजे रेलू नका. मिक्सरवर वजन टाकलंत तर खांदा पुढे येतो.

फेडर पार दुसऱ्या टोकाला आपटायची गरज नाही. आवाज कडेपासून लगेच सुरू होतो, त्यामुळे उरलेला प्रवास वाया जातो. आपटण्याचा ‘टक’ असा आवाज खोलीत ऐकू येत असेल, तर हात हळू करा आणि तो टक बंद होईपर्यंत पुढे जाऊ नका.

सरावासाठी रेकॉर्डला हात न लावता एखादा लांब, सलग स्वर चालू ठेवा आणि फक्त फेडर वाजवा. मेट्रोनोम ६० वर. एका ठोक्यात दोन कट, मग तीन, मग चार. तीनवर बहुतेक लोक अडखळतात आणि अडखळले की आवळतात. तिथे रेंगाळा. दुसरा हात या वेळी खिशात नको, शेजारी लोंबकळू द्या आणि त्याच्याकडे लक्ष ठेवा. तो मूठ वळत असेल तर एका हाताचा ताण दुसऱ्यात उतरतोय. दोन्ही हात एकत्र आणल्यावर हेच दुप्पट होतं, म्हणून नवा स्क्रॅच नेहमी आधी सुटासुटा करा.

## लय आणि वेग

पखवाज-तबल्याची भाषा माहीत असेल तर ठाय, दुगुन, चौगुन ही पायरी इथे जशीच्या तशी लागू पडते. ७० बीपीएमचा (मिनिटाला ७० ठोक्यांचा) साधा बीट लावा. आधी एका ठोक्याला एक हालचाल, मग दोन, मग चार. लय तीच, हालचाली वाढतात. लय वाढवत नेण्यापेक्षा हे बरं, कारण शरीर त्याच डोलण्यात राहतं.

माझा क्रम असा: चार बार (एक बार म्हणजे चार ठोके) वाजवायचं, चार बार थांबायचं. थांबायचं म्हणजे दोन्ही हात उचलून बाजूला सोडायचे, जबडा सोडायचा, एक लांब श्वास बाहेर. ७० बीपीएमला चार बार म्हणजे जवळपास १४ सेकंद. सुरुवातीला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पण हात पुन्हा रेकॉर्डवर ठेवताना तो सैल स्थितीतून सुरुवात करतो, आणि दहा मिनिटांत अशी सुरुवात वीसेक वेळा होते. खरी शिकवणी ती आहे.

पुतळा चाचणीत पास झालात तर लय दोन-तीनने वाढवा. नापास झालात तर दहाने खाली या. दोनने खाली येऊन उपयोग नाही. आखडलेला हात तेवढ्याने सुटत नाही.

मात्र नुसतं संथ वाजवत राहिल्याने वेग येतो, हेही पूर्ण खरं नाही. ९० बीपीएमला ठोक्यात चार हालचाली केल्या तर सेकंदाला सहा होतात, आणि त्या वेगाला हालचाल छोटी आणि वेगळ्या जातीची असते. तिचीही ओळख लागते. ती फुटकळ तुकड्यांनी करून घ्या: एक ठोका पूर्ण वेगात, पुढचे तीन ठोके हात ढिला. मग दोन ठोके वेगात, सहा ढिले. वेगवान तुकडा इतका आखूड ठेवा की हात आखडायच्या आत तो संपेल. आठवडाभराने तो थोडा लांबवा.

## काही स्क्रॅच, जिथे हात हमखास आवळतो

चर्पमध्ये पुढे जाताना फेडर बंद होतो आणि मागे येताना उघडतो. रेकॉर्ड वळण्याच्या क्षणी दोन्ही हात एकदम काम करतात, आणि तिथेच आपण दोन्ही आवळतो. उपाय म्हणजे चूक करायची मुभा: पहिले पाच मिनिटं फेडर उशिरा पडला तरी चालेल, पण हात मऊ पाहिजे. वेळ नंतर जुळते. मऊपणा नंतर जुळत नाही.

टेअरमध्ये रेकॉर्ड एका दिशेने जाताना मध्ये थबकते. लोक बोटं दाबून ब्रेक लावतात. बोटांचा दाब होता तेवढाच ठेवा आणि फक्त कोपर थांबवा.

फ्लेअर हे नाव डीजे फ्लेअरवरून पडलं. त्यात फेडर उघडा असतो आणि मध्ये क्षणभर बंद होऊन परत उघडतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या उलट. ट्रान्सफॉर्मरची सवय असलेला अंगठा इथे सतत बंद बाजूला ढकलत राहतो आणि बोट त्याच्याशी भांडतं. रेकॉर्ड न हलवता, फक्त फेडरवर, ‘उघडा’ ही घरची जागा हाताला पटेपर्यंत थांबा.

क्रॅब डीजे क्यूबर्टमुळे जगभर पोचला. तीन किंवा चार बोटं एकामागून एक फेडरवरून घसरतात आणि अंगठा दर वेळी त्याला परत ढकलतो. हालचाल चुटकी वाजवण्याच्या जवळची आहे. पहिला आठवडा फेडरला हातही लावू नका. अंगठ्यावरून अनामिका, मधलं बोट, तर्जनी अशी घसरण टीव्ही बघता बघता करा. चारही बोटांचा हट्ट धरू नका. करंगळी धरून आणलेला क्रॅब बहुतेक वेळा तीन बोटांच्या क्रॅबपेक्षा अस्पष्टच ऐकू येतो, आणि करंगळीच्या नादात मनगट वाकडं होतं ते वेगळंच.

स्क्रिबल हा अपवाद. त्यात हात मुद्दाम ताठरून रेकॉर्डला बारीक थरथर दिली जाते; ताण हेच तिथे इंजिन. उझी त्याचाच आणखी कडक भाऊ. हे वाजवू नका असं मी म्हणणार नाही, ऐकायला छान लागतात. पण दोन-चार सेकंदांच्या वर नको, सरावाच्या शेवटी नको, आणि प्रत्येक वेळेनंतर हात झटकून मोकळा करा. ताण आणि सोड यांतला फरक हाताला शिकवायला तर स्क्रिबल उपयोगीच पडतो. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात शिथिलीकरणाची जी पद्धत मांडली, तिचं मूळ हेच: स्नायू आधी मुद्दाम आवळा, मग सोडा, आणि सोडल्यावर काय वाटतं ते नीट लक्षात घ्या.

## दुखायला लागलं तर

हात भरून येणं वेगळं आणि दुखणं वेगळं. भरून आलेला हात थोड्या विश्रांतीने हलका होतो. टोचणारी कळ, अंगठा-तर्जनी-मधल्या बोटात मुंग्या किंवा बधिरपणा, अंगठ्याच्या बाजूला मनगटात दुखणं, कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखणं, किंवा हातातून वस्तू निसटणं, यांतलं काहीही असेल तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद. दुसऱ्या दिवशीही तेच असेल तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि जाताना आपल्या वाजवण्याचा छोटा व्हिडिओ न्या. ‘स्क्रॅचिंग’ म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहीलच असं नाही. मी कोपराचं दुखणं सव्वा महिना अंगावर काढलं आणि पुढे तीन महिने रेकॉर्डला हात लावता आला नाही.

गार हाताने सुरुवात करू नका. कोमट पाण्यात हात धरा किंवा पाच मिनिटं खांदे फिरवा, मग दाबाचा तो पहिला व्यायाम. आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी टर्नटेबलपासून लांब जा. फोनवर बोटं चालवणं ही हाताची विश्रांती नव्हे.

## लाल दिवा लागल्यावर

घरी सगळं जमतं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की खांदे पुन्हा कानाला. याला मला सापडलेला एकच इलाज म्हणजे रेकॉर्डिंग इतकं नेहमीचं करून टाकणं की त्याचं कौतुक उरू नये. रोजच्या सरावातली शेवटची दोन मिनिटं रेकॉर्ड करा, एकदा ऐका आणि पुसून टाका. लोकांसमोर वाजवायचं असेल तेव्हा सेटमधला पहिला स्क्रॅच तुम्हाला झोपेतही जमेल असा निवडा. पहिल्या अर्ध्या मिनिटात हात ज्या स्थितीत जातो, त्याच स्थितीत तो शेवटपर्यंत राहतो. बाहेरचं टर्नटेबल आणि मिक्सर तुमचे नसतील, तर ध्वनिचाचणीच्या वेळी स्क्रॅच करून बघण्याआधी निसटण्याची ती रेषा शोधा. तिथली स्लिपमॅट वेगळी, फेडर वेगळा, टेबल बहुधा चुकीच्या उंचीचं. माझ्या पिशवीत म्हणून दोन मेणकागदाच्या चकत्या, चिकटपट्टीचं बंडल आणि पायाखाली घालायची एक फळी असते. फळी बघून लोक हसतात.